गंजोबांचा अंगठा

गावात लाकूड जाळायच्या शेगड्या चारशेच्या वर आणि त्यांचे पाइप तपासणारा माणूस एकच. अशा माणसाच्या जिभेला हाड नसलं तरी चालतं, आणि गंजोबांच्या जिभेला ते नव्हतंच. शेगडीच्या धुराचा पाइप किती गंजला आणि अजून किती टिकेल हे सांगणं हा त्यांचा धंदा, म्हणून नाव पडलं गंजोबा. हे नाव पहिल्यांदा कुणीतरी पाठीमागेच घेतलं असणार. पुढे ते इतकं रुळलं की स्वतः गंजोबाच दार वाजवून सांगत, "उघडा, गंजोबा आलाय."

थंडी सुरू व्हायच्या आधीचा महिना त्यांचा. त्या महिन्यात गावातली भलीभली माणसं त्यांच्यासमोर विद्यार्थ्यासारखी उभी राहत. शेगडी आदल्या दिवसापासून विझलेली हवी, असा हुकूम होता. गंजोबा आत येत, कोट काढून घरातल्याच कुणाच्या तरी हातात देत, आणि पाइपाला अंगठा लावत. आधी बेंडला, कारण धूर वळतो तिथे काजळी बसते आणि गंज पत्र्याला पहिल्यांदा तिथेच खातो. मग सांध्यावर, मग पाइप भिंतीत शिरतो त्या जागी. अंगठा पूर्ण जोर लावून दाबायचा. पत्रा दबला नाही तर ठीक, किंचित दबला तर यंदाचा शेवटचा हिवाळा, आणि कुरकुर आवाज आला तर आजच उतरवा. ना कसलं यंत्र, ना माप. तपासून झालं की खिशातून खिळा काढून पाइपावर उभ्या रेघा ओढायच्या. जितक्या रेघा तितके हिवाळे.

लोक विचारत, "पण साधारण किती टिकतो हो पाइप?" त्यावर त्यांचं ठरलेलं भाषण होतं. पातळ पांढऱ्या पत्र्याचा तीन-चार वर्षं, जाड काळ्या पत्र्याचा आठ ते दहा, चांगल्या स्टीलचा पंधरा-वीस. पण ओलं लाकूड जाळलंत तर यातलं निम्मं, आणि रंग लावलेलं किंवा वार्निशचं लाकूड जाळलंत तर एका हिवाळ्यात चाळण. भाषण संपलं की खास त्या घरासाठी राखून ठेवलेलं वाक्य येई. जिना चढून धापा टाकत आलेल्या औषधवाल्याला म्हणाले, "पाइपाला सहा वर्षं आहेत. तुमचा आवाज ऐकून वाटतं, उरलेली वर्षं तो दुसऱ्याच्या शेगडीवर काढेल." नव्या जोडप्याला म्हणाले, "पाइप दोन वर्षं. तुमचं काही सांगता येत नाही." लोक हसत. न हसणाऱ्याचा पाइप पुढच्या वर्षी सगळ्यात शेवटी तपासला जाई, हे लोकांना माहीत होतं.

बायको शेवटच्या आजारात पडली तेव्हा तिने त्यांना विचारलं होतं, "मला किती दिवस आहेत हो?" दुसरा कुणी असता तर चार गोड शब्द बोलला असता. गंजोबांनी तिचं मनगट धरलं, डोळ्यांखाली पाहिलं आणि सांगितलं, "तीन आठवडे." ती एकविसाव्या दिवशी गेली. ही गोष्ट ते अभिमानाने सांगत. सांगताना त्यांची लेक समोर असली तरी सांगत.

ही लेक आता पस्तिशीची होती. बापाचे गुडघे गेल्यापासून छपरावर तीच चढे, पाइप तीच उतरवे, रिबिटं तीच मारी. बापाच्या पाइपांच्या दुकानात तिच्याशिवाय पान हलत नव्हतं, पण गिऱ्हाइकाच्या घरात पाइपाला अंगठा लावायचा हक्क तिला नव्हता. "तुझा अंगठा भाजी चिरायचा," गंजोबा म्हणत. लग्नाचं वय याच दुकानात सरलं होतं, आणि उरलेलं आयुष्य ज्या एका गोष्टीवर उभं करायचं ती गोष्ट बाप मुठीत धरून बसला होता.

अलीकडे चारेक वर्षं गंजोबा खुशीत होते. "पत्रा सुधारला बरं का," ते सांगत सुटले. "पूर्वी दहातले चार पाइप बदलावे लागायचे, आता एखादाच." अंगठ्याखाली पत्रे ठणठणीत लागत आणि ते रेघांवर रेघा ओढत. मधूनच एखादा पाइप रेघा संपायच्या आत फुटे, नाही असं नाही. पण दोष कुणाचा हेही त्यांच्याकडे तयार असे. बेकरीवाल्याचा फुटला, तर तो ओले ओंडके जाळतो. शाळेचा फुटला, तर पहारेकरी जुने बाक फोडून जाळतो. बेकरीवाल्याने हसून सोडून दिलं. पहारेकऱ्याची नोकरी गेली. तो महिनाभर शपथा घेत फिरला आणि मग गाव सोडून गेला. गंजोबा म्हणाले, "बाक जाळायचे आणि वर शपथा!"

आणि मग बटणमावशींचा पाइप फुटला.

बटणमावशी म्हणजे शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं बटणं लावून निवृत्त झालेल्या बाई. नवरा नाही, मूल नाही. घरमालकाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली, आणि ती खोली म्हणजे त्यांचा संसार. बाई इतक्या काटेकोर, की गंजोबांनी सांगितलेला प्रत्येक शब्द पाळणारं गावात दुसरं कुणी नसेल. लाकूड दोन उन्हाळे वाळवायचं म्हणजे दोन उन्हाळे. प्रत्येक ढिगाऱ्यावर चिठ्ठी, कधी आणलं त्याची तारीख. दर पंधरा दिवसांनी काजळी काढायची. त्यांचा पाइप जाड काळ्या पत्र्याचा होता आणि त्याला हा अकरावा हिवाळा. थंडीच्या आधी गंजोबांनी अंगठा दाबला आणि तीन रेघा ओढल्या. मावशींनी भीत भीत विचारलं होतं, "अकरा वर्षं झाली हो, बदलून टाकू का?" तर म्हणाले, "पाइपाची घाई नको. तुमची घाई असेल तर वेगळी गोष्ट."

दोन महिन्यांत, भर दुपारी, शेगडी पेटलेली असताना बेंड फुटला. खोलीभर धूर झाला, ठिणग्या उडाल्या, पडद्याने पेट घेतला. मावशींनी ओलं घोंगडं टाकून तो विझवला आणि त्यात डावा हात मनगटापर्यंत भाजून घेतला. छताच्या दोन फळ्या काळ्या पडल्या. घरमालक धावत वर आला आणि त्याने आधी फळ्यांकडे पाहिलं, हाताकडे नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंजोबांना बोलावलं. लेकीने पाइप उतरवून खाली अंगणात आणला. सगळी बिऱ्हाडं कठड्याला टेकून उभी. मावशी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून पायरीवर बसल्या होत्या. गंजोबांनी फुटका बेंड उचलला. त्यावर त्यांच्याच हातच्या तीन रेघा होत्या आणि त्या कठड्यावरून सगळ्यांना दिसत होत्या. क्षणभर त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी काजळी बोटांत चोळली, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकले.

"रंगाचं लाकूड," ते म्हणाले.

"काय?" मावशींना ऐकून समजेना.

"रंग लावलेलं लाकूड जाळलंय. दरवाजा असेल, नाहीतर खिडकी."

घरमालकाने कान टवकारले. मागच्या शेडमध्ये त्याचे जुने दरवाजे ठेवलेले होते. त्याला अचानक आठवलं की ते पाच होते आणि आता चारच आहेत. आधी मोजायला कोण गेलं होतं? पण त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला तिसऱ्या मजल्यावरची खोली हवी होती. अशा वेळी माणसाला पाचवा दरवाजा आठवतो.

"मी नाही हो जाळलं," मावशी उभ्या राहिल्या. "तुम्हीच सांगितलंत ना, रंगाचं जाळायचं नाही म्हणून? मी कशाला जाळेन? चिठ्ठ्या बघा ना, सगळ्या लाकडांवर चिठ्ठ्या आहेत."

"बाई, जे जळून गेलं त्यावर कसली चिठ्ठी?"

कठड्यावर कुणीतरी हसलं. त्या हसण्याने गंजोबांना जोर आला. "चाळीस वर्षं काजळी चाखतोय मी. आता तुम्हाला आठवत नसेल तर गोष्ट निराळी. वय झालं की माणूस करतो आणि विसरतो. शेगडी पेटवली तेही विसराल एक दिवस. मग एक खोली नाही, आख्खी इमारत जाईल."

खरं तर एवढं बोलायची गरज नव्हती. रंगाच्या लाकडावरच थांबले असते तरी त्यांच्या रेघा वाचल्या असत्या. पण सुटलेली जीभ आवरायची सवय त्यांना आयुष्यात लागलीच नव्हती. मावशींनी कठड्याकडे वर पाहिलं आणि प्रत्येक बिऱ्हाड त्यांच्याकडे तसंच पाहत होतं, आजारी माणसाकडे पाहतात तसं. घरमालकाने तिथल्या तिथे सांगितलं, "महिनाअखेर खोली रिकामी करा. मला माझ्या घरात जाळपोळ नको."

तो पाइप भंगारात जायचा म्हणून लेकीने गाडीवर टाकून दुकानात आणला. बेंड गेला तरी सरळ तुकड्यांतलं काही वापरता येईल का, हे ती बघायला बसली. तिने एका तुकड्याला अंगठा लावला आणि अंगठा आरपार गेला. दुसऱ्याला लावला, तोही कुरकुरला. मग म्हणाली, "बाबा, जरा इकडे या. हा दाबून बघा."

गंजोबांनी दाबला. नख पांढरं पडेपर्यंत दाबला. "चांगला आहे की."

लेकीने त्याच जागेच्या बोटभर बाजूला दाबला. पत्रा वाळक्या पानासारखा मोडला.

"आगीने मऊ पडतो," गंजोबा म्हणाले.

"आग बेंडला लागली बाबा. हा भिंतीकडचा तुकडा आहे." ती उठली आणि खिळे तोलायचा तबकडीचा वजनकाटा त्यांच्यापुढे ठेवला. "यावर अंगठा दाबा. सगळा जोर लावून."

"चल, वेड लागलंय तुला."

"दाबा म्हणते ना."

त्यांनी दाबला. मान ताठ झाली, कपाळाची शीर फुगली. काटा चार किलोच्या थोडा पुढे जाऊन थरथरत थांबला. लेकीने आपला अंगठा ठेवला. काटा अकरावर गेला. ती बारीक अंगाची बाई, आणि तिने दातही आवळले नव्हते.

गंजोबांनी पुन्हा दाबला, मग उजवा सोडून डावा दाबला. काटा चारच्या आसपासच घुटमळला. चार वर्षांत गावातला पत्रा सुधारला नव्हता. त्यांचा अंगठा गेला होता, आणि जसजसा तो जात होता तसतसे गावातले पाइप मजबूत होत होते. बेकरीवाल्याचे ओंडके कोरडे होते. पहारेकऱ्याने एकही बाक जाळला नव्हता. हे सगळं त्यांना एका दमात कळलं, आणि कळल्यावर पहिलं वाक्य तोंडून निघालं ते हे, "दाराला कडी लाव."

"आपण घरमालकाकडे जाऊ," लेक म्हणाली. "आत्ता जाऊ. मावशींची खोली तरी राहील."

"आणि काय सांगू? गंजोबाचा अंगठा लुळा पडला? चारशे घरं आहेत. आज एकाला सांगितलं की उद्या चारशे दारात उभे राहतील. तो पहारेकरीही येईल."

"येऊ दे. त्याची नोकरी गेलीय तुमच्यामुळे."

"दुकान जाईल. ते तुझंच आहे ना माझ्या पाठीमागे?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं. माणूस पाइप बघतो तसं पाहिलं, कुठे दबेल ते शोधत. आणि ते त्यांना बरोबर सापडलं. "उद्यापासून अंगठा तू लाव. घरोघर. मी नुसता शेजारी उभा राहीन, तू डोळ्याने खूण कर, मी आकडा सांगेन. पुढच्या वर्षापासून आकडाही तूच सांग. पाटीवर तुझं नाव घालू."

पंधरा वर्षं लेक या वाक्याची वाट पाहत होती. इतक्या घाणेरड्या दिवशी ते मिळेल असं तिला वाटलं नव्हतं, पण मिळालं होतं. तिने कडी लावली. मग तिने मावशींचे ते सगळे तुकडे पायाखाली घेऊन चेपले आणि भंगाराच्या ढिगात तळाशी टाकले.

पुढचे तीन आठवडे बापलेकीने गाव पिंजून काढलं. यंदाची थंडी वाईट आहे, पुन्हा एकदा तपासणी करायची, असं सांगून ते घरोघर फिरले. लेक अंगठा लावी, खूण करी, आणि गंजोबा म्हणत, "बदला." एकोणसाठ पाइप बदलले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला किती काळजी आपली! गंजोबांना पुन्हा भूक लागू लागली. ते मनाशी म्हणत, आता कुणाचं वाईट होणार नाही, सगळं निस्तरलं. हे सगळं म्हणताना एक खोली ते मोजतच नसत. लेकीला मात्र ती खोली मोजावी लागे, कारण त्या इमारतीतले बाकीचे पाइप तपासायला तीच गेली होती. तिसऱ्या मजल्यावर मावशींचं दार उघडं होतं. त्या जमिनीवर बसून जुन्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा लावत होत्या. तिला पाहून म्हणाल्या, "ये ग. एक तारीख कुठेतरी कमी पडतेय बघ. मी शोधतेय." लेक म्हणाली, "घाईत आहे मावशी," आणि जिना उतरली.

महिनाअखेर मावशींचा भाचा दुसऱ्या गावाहून गाडी घेऊन आला. साधा, सरळ माणूस होता. मावशीला एकटं ठेवण्यात धोका आहे असं घरमालकाने त्याला सांगितलं होतं. त्याच्या घरात जागा नव्हती, म्हणून त्याने एका वृद्धाश्रमात खाट बघून ठेवली होती. त्याच सकाळी गंजोबा आणि लेक नवा पाइप घेऊन पोहोचले, कारण घरमालकाला मुलाचं सामान लावायची घाई होती. फाटकातच गाठ पडली. गंजोबांनी मान खाली घालून बाजूने सटकायचं ठरवलं होतं, पण मावशींनीच हाक मारली.

"थांबा हो जरा. तुमच्याशीच बोलायचं होतं."

गंजोबांना वाटलं, बाईला कळलं. लेकीच्या खांद्यावरचा पाइप फाटकाला आपटला.

मावशी गाडीतून उतरल्या. हाताची पट्टी सुटली होती आणि कातडी लाल, चकचकीत दिसत होती. महिन्याभरात त्या खूप वाळल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी लोकांना सांगत सुटले होते, गंजोबा खोटं बोलतात म्हणून. दुधवाल्याला सांगितलं, खालच्या मजल्यावर सांगितलं. फार वाईट वाटतंय मला त्याचं. रात्रंदिवस विचार केला. म्हटलं, तुमचं चाळीस वर्षांत कधी चुकलं नाही, मग चुकलं कुणाचं? आणि मग आठवलं हो मला."

"काय आठवलं?" लेकीने विचारलं.

"दरवाजा. मीच आणला शेडमधून. कुऱ्हाडीने फोडला. निळा होता, त्याचे पापुद्रे निघत होते, अजून डोळ्यांसमोर दिसतात. कसा विसरले होते कुणास ठाऊक. तुम्ही म्हणालात ना, करतो आणि विसरतो, अगदी तसंच झालं."

अंगणापलीकडे शेडचं दार सताड उघडं होतं. घरमालकाचे दरवाजे भिंतीला टेकून उभे होते आणि ते सगळे हिरवे होते. लेकीने ते पाहिले. गंजोबांनीही पाहिले. मावशींची शेडकडे पाठ होती.

"मला माफ करा," मावशी म्हणाल्या. त्यांनी हात जोडले, पण भाजलेला हात पूर्ण सरळ होत नव्हता. "तुमच्या नावाला बट्टा लावत होते मी. जाण्याआधी एवढं ऐकलंत तर जीव हलका होईल माझा."

लेकीने तोंड उघडलं. "मावशी, अहो ते..."

"अहो, असू दे बाई," गंजोबा तिचं बोलणं तोडत घाईने म्हणाले. "वय झालं की व्हायचंच असं. मी मनात काही ठेवलेलं नाही."

मावशींचा चेहरा एकदम खुलला. महिनाभर न झोपलेल्या बाईला कुणीतरी झोप दिल्यासारख्या त्या हसल्या आणि भाच्याला म्हणाल्या, "बघितलंस? केवढ्या मोठ्या मनाचा माणूस." लेकीने पाइप दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि जिना चढायला लागली.

भाच्याने मावशींना गाडीत बसवलं, दार लावलं आणि परत येऊन दोन्ही हातांनी गंजोबांचा हात धरला. त्याचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, "तुम्ही वेळेवर ओळखलंत म्हणून, नाहीतर एक दिवस मावशी जळून मेली असती."

"तिला आता एकटं सोडू नका," गंजोबा म्हणाले. "आणि ती काही वेगळं सांगायला लागली, तर विश्वास ठेवू नका."